ताकद आणि दमसास: डोंगरासाठी दोन्ही एकत्र कसं कमवायचं?

डोंगर चढताना माणूस दोन तऱ्हांनी थकतो. कधी श्वास आधी हार मानतो. छातीचा भाता होतो, दर वीस पावलांवर थांबावं लागतं, पण पायांत अजून जोर शिल्लक असतो. कधी याच्या उलट होतं. दम लागलेला नसतो, गप्पा चालू असतात, पण मांड्या भरून आलेल्या असतात आणि पुढची पायरी बघूनच नको वाटतं. उतरायला लागल्यावर तर गुडघ्याच्या वरचे स्नायू थरथरतात आणि पाय कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही.

पहिला थकवा दमसासाचा, दुसरा ताकदीचा. मोठ्या चढाईसाठी दोन्ही लागतात हे सगळ्यांनाच पटतं. घोळ होतो तो त्यानंतर. धावणारे आणखी धावतात, व्यायामशाळेत जाणारे आणखी वजनं उचलतात आणि बरेच जण दोन्ही एकाच तासात कोंबून, घामाघूम होऊन घरी येतात. शेवटचा मार्ग सगळ्यांत समजूतदार वाटतो, पण माझ्या मते तोच सगळ्यांत कमी फळ देणारा आहे. तो का, हे समजायला आधी डोंगर शरीराकडून नेमकं काय मागतो ते पाहू.

एका चढाचा हिशोब

तुमचं वजन ७० किलो आणि पाठीवरची सॅक १५ किलो, म्हणजे एकूण ८५ किलो. हे वजन १००० मीटर वर न्यायचं तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ८३० किलोज्यूल, म्हणजे साधारण २०० किलोकॅलरी एवढं काम करावं लागतं. स्नायू आपल्या इंधनाचा जेमतेम पाव हिस्साच कामात बदलतात, बाकीच्याची उष्णता होते. त्यामुळे प्रत्यक्ष खर्च ८०० ते १००० किलोकॅलरीच्या घरात जातो, आणि तोही फक्त उंची गाठण्याचा. आडव्या चालण्याचा वेगळा.

आता हेच काम वेळेत वाटून बघा. तासाला ३०० मीटर उंची गाठायची, या सावकाश चालीने १००० मीटरला तीन-साडेतीन तास लागतात. तेवढ्या वेळात पाय जी शक्ती देतात ती सरासरी ७० वॉटच्या आसपास भरते. हा आकडा छोटा आहे. म्हणजे चढाई हे क्षणभराच्या जोराचं काम नाही, तासन्‌तास पुरवून खर्चायचं काम आहे. म्हणून डोंगराच्या तयारीचा मोठा वाटा दमसासालाच द्यावा लागतो. यात वाद नाही.

पण पावलं मोजली की दुसरी बाजू दिसते. एका पावलात २० सेंटिमीटर उंची धरली, तर १००० मीटरला ५००० पावलं. प्रत्येक पायाने अडीच हजार वेळा ते ८५ किलो एकट्याने उचलायचे. आता दोन माणसांची तुलना करा. दोघांचं वजन सारखं, सॅक सारखी. पहिल्याला एका पायरीसाठी त्याच्या पायाच्या कमाल ताकदीच्या ४० टक्के बळ लागतं. दुसऱ्याचे पाय जास्त ताकदवान, म्हणून त्याच पायरीला त्याचे ३० टक्केच लागतात. पाच हजार पावलांनंतर हा १० टक्क्यांचा फरक फार मोठा झालेला असतो.

याचं कारण स्नायूंच्या आत आहे. मेंदू स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लावत नाही. आधी छोटे, सावकाश आणि न थकणारे तंतू लागतात. जास्त बळ हवं असेल तरच मोठे, जोरकस पण लवकर दमणारे तंतू मदतीला येतात. एल्वुड हेनेमन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्याला हा नियम मांडला आणि तो आजही पक्का आहे. पायरी तुमच्या ताकदीच्या मानाने हलकी असेल तर न थकणारे तंतू ती निभावून नेतात. जड असेल तर लवकर दमणाऱ्यांना दर पावलाला बोलवावं लागतं आणि दोन तासांत त्यांचा साठा संपतो. शिवाय जोरात आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. बळ कमी लागलं तर रक्त मोकळं वाहतं आणि प्राणवायू पोचत राहतो.

म्हणजे डोंगरावर ताकदीचं खरं काम जड वस्तू उचलून दाखवण्याचं नाही. प्रत्येक पाऊल स्वस्त करण्याचं आहे. हे एकदा पटलं की पुढचं सगळं नियोजन सोपं होतं.

दमसास: हळू चालायचं धैर्य

दमसास वाढतो म्हणजे शरीरात काय होतं? हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे इंधन जाळणाऱ्या भट्ट्या, संख्येने आणि आकाराने वाढतात. आणि शरीर चरबी जाळायला शिकतं. हा शेवटचा मुद्दा डोंगरासाठी फार मोलाचा आहे. स्नायू आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. वरचा हिशोब आठवा. आठ-दहा तासांच्या दिवसाला हा साठा पुरत नाही. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाकडेही हजारो किलोकॅलरींचा असतो. जो चालता चालता तो वापरू शकतो त्याचा दिवस लांबतो.

चरबी जाळण्याची ही सवय हळू, लांब व्यायामातून लागते. हळू म्हणजे किती, याची साधी खूण आहे: पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, किंवा नुसत्या नाकाने श्वास घेऊन भागलं पाहिजे. बहुतेकांना हा वेग लाजिरवाणा वाटतो. चढावर धावणं सोडून चालावं लागतं, मागून येणारे पुढे जातात आणि मग आपसूक वेग वाढतो. तिथेच चूक होते. आठवड्यातला दमसासाचा बराचसा वेळ, चार-पंचमांश धरा, या सावकाश वेगात गेला पाहिजे. तो तसाच घालवायला खरोखर धैर्य लागतं.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृत्रिम प्राणवायूशिवाय ८५०० मीटर किंवा त्याहून वर गेलेल्या सहा अव्वल गिर्यारोहकांची तपासणी केली होती. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओ टू मॅक्स, शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला सरासरी ६० मिलिलिटरच्या आसपास निघाली. चांगलीच म्हणायची, पण जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची याहून बरीच जास्त असते. शिखरावर पोचवणारी गोष्ट म्हणजे कमाल वेग नव्हे. कमालीच्या खूप खाली राहून न थांबता चालत राहणं कामाला येतं. उंचीवर तर याची गरज दुप्पट होते. हवा विरळ होत जाते तशी ती कमाल क्षमताच घसरते. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक-तृतीयांश उरतो. खाली सहज वाटणारी चाल वर धापा टाकायला लावते ती यामुळे.

दोन्ही एकमेकांशी भांडतात का?

हा प्रश्न व्यायामाच्या शास्त्रात गेली चार दशकं गाजतो आहे, आणि त्याची सुरुवात रंजक आहे. रॉबर्ट हिक्सन हा स्वतः वजनं उचलणारा तरुण संशोधक जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत काम करायला गेला. होलोझी नियमित धावणारे. हिक्सन त्यांच्याबरोबर धावू लागला आणि आपली कमावलेली ताकद ओसरते आहे असं त्याच्या लक्षात आलं. पुढे त्याने हेच प्रयोगात तपासलं आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

प्रयोगात तीन गट होते आणि तो दहा आठवडे चालला. एका गटाने आठवड्याला पाच दिवस फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने सहा दिवस फक्त दमसासाचा आणि तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद पहिल्या सहा-सात आठवड्यांत छान वाढली, मग अडकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क घसरली. तेव्हापासून ‘धावलात तर ताकद जाते’ हे वाक्य रूढ झालं.

पेशीच्या पातळीवर त्याचं स्पष्टीकरणही मिळालं. जड वजन उचललं की एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि नवी प्रथिनं बांधायला घेते. लांब व्यायामाने पेशीतली ऊर्जा कमी झाली की एएमपीके नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं. ते मायटोकॉन्ड्रिया वाढवायला सांगतं आणि खर्चिक बांधकाम थांबवतं, म्हणजेच एमटॉरला आवर घालतं. घरात पैसे संपत आले की माडी बांधायचं काम कुणी काढत नाही, तसंच. हे चित्र सुबक आहे, पण माणसाच्या स्नायूत ते इतकं स्वच्छ दिसत नाही. ही दोन कामं रोजच्या सरावात बऱ्यापैकी शेजारी नांदतात. २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, जुने अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर, दोन्ही व्यायाम केल्याने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद कमी होते असं आढळलं नाही. फटका बसला तो उडीसारख्या झटक्याच्या ताकदीला, तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात उरकले तेव्हा.

मग हिक्सनच्या गटाचं काय झालं? त्यांचं वेळापत्रकच बघा. पाच दिवस जड वजनं आणि सहा दिवस जोरदार दमसास, म्हणजे आठवड्याला अकरा कठीण सत्रं, तीही दहा आठवडे. मला यात थकव्याचा वाटा फार मोठा दिसतो. शरीराला सावरायला फुरसतच नव्हती.

आणि त्या प्रयोगातली एक गोष्ट नेहमी विसरली जाते. दोन्ही करणाऱ्या गटाचा दमसास कमी झाला नाही. तो फक्त दमसास करणाऱ्यांइतकाच वाढला. म्हणजे भांडण झालंच तर त्याचा तोटा पहिलवानाला, डोंगर चढणाऱ्याला नाही. याच हिक्सनने १९८८ मध्ये उलट बाजूने प्रयोग केला. आधीच दमसास कमावलेल्या लोकांना त्याने त्यांचा नेहमीचा सराव चालू ठेवून दहा आठवडे, आठवड्याला तीनदा, पायांची जड वजनं करायला लावली. पायांची ताकद सरासरी ३० टक्क्यांनी वाढली, मांड्यांचा घेर वाढला नाही आणि प्राणवायूची कमाल क्षमताही तेवढीच राहिली. तरीही कमालीच्या ८० टक्के जोराने सायकल चालवत दमून थांबेपर्यंतचा वेळ ७१ मिनिटांवरून ८५ मिनिटांवर गेला. फुप्फुसं तीच, हृदय तेच, फक्त प्रत्येक फेरा स्वस्त झाला. पाच हजार पावलांच्या हिशोबात मी जे म्हणत होतो ते इथे मोजून दाखवलेलं आहे.

ताकद: थोडी, पण जड

दमसासाची आवड असलेले लोक व्यायामशाळेत जातात तेव्हा बहुधा हलकी वजनं घेऊन वीस-तीस वेळा उचलतात. कारण विचारलं तर म्हणतात, ‘आम्हाला टिकायचंय, फुगायचं नाही.’ तर्क समजण्यासारखा आहे, पण हजारो वेळा हलकं वजन उचलायचं काम डोंगर स्वतःच करून घेतो. व्यायामशाळेने द्यायचं ते डोंगर देऊ शकत नाही असं काहीतरी: खरं जड वजन. एका सेटमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या एका फेरीत, ३ ते ५ रेप्स (एक रेप म्हणजे एकदा उचलणं), असे ३-४ सेट, मध्ये दोन ते चार मिनिटांची निवांत विश्रांती. वजन इतकं की शेवटी आणखी एक-दोन रेप्स निघाल्या असत्या, पण आपण तिथेच थांबतो. अशा व्यायामात स्नायू फारसे फुगत नाहीत. मेंदू जास्त तंतूंना एकाच वेळी हाक मारायला शिकतो, त्यातून ताकद येते. डोंगरावर न्यावं लागणारं शरीराचं वजन त्यामुळे वाढत नाही.

व्यायामप्रकार मोजकेच पुरतात. एका पायावरचं काम हवं, कारण डोंगरावर दोन्ही पाय एकदम कधीच उचलत नाहीत. म्हणून स्टेप-अप (एका पायाने पेटीवर चढणं) आणि स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक). पाठ आणि नितंबांसाठी डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं), पोटऱ्यांसाठी काफ रेज (टाचा उचलणं), आणि सॅक सांभाळणाऱ्या धडासाठी प्लँकसारखे (कोपरं आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरणं) दोन-तीन प्रकार. नवख्याने पहिले चार-सहा आठवडे हलक्या वजनावर फक्त पद्धत घोटावी. स्नायू पटकन बळकट होतात, पण स्नायूबंध, म्हणजे टेंडन, मागून सावकाश येतात. स्नायूंच्या भरवशावर वजन वाढवत गेलेल्यांचे गुडघे बोलायला लागतात ते याच फरकामुळे.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या घामाघूम तासाकडे येतो. विश्रांती न घेता एकामागून एक व्यायाम, मध्ये उड्या, मध्ये धावणं. असं सत्र संपल्यावर फार काम केल्यासारखं वाटतं. पण वजन हलकं असल्यामुळे कमाल ताकद वाढत नाही आणि श्वास सतत वर असल्यामुळे चरबी जाळणारा पाया बनत नाही. थकवा मात्र पूर्ण येतो, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या लांब चालण्याचा बळी घेतो. एक ना धड भाराभर चिंध्या. काहीच न करण्यापेक्षा ते बरं, हे मान्य. पण आठवड्याला सहा-सात तासच मिळत असतील तर ते असे घालवू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

दोघांना जोडणारा पूल

पाया आणि ताकद वेगवेगळी कमावली की शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत दोन्ही जोडायची वेळ येते. इथे व्यायाम असा निवडायचा की पाय जळतील, पण श्वास आवाक्यात राहील. गिर्यारोहकांची एक जुनी, अप्रतिम युक्ती आहे. सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून खड्या चढावर जायचं आणि माथ्यावर पाणी ओतून द्यायचं. चढताना पायांना पूर्ण भार मिळतो, उतरताना गुडघे वाचतात. सुरुवात शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिस्स्याने करावी, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. चढ जवळ नसेल तर गुडघ्याच्या थोड्या खालच्या उंचीच्या पेटीवर, किंवा जिन्यावर, तेच करता येतं. हे सत्र आठवड्यातून एकदाच पुरे. त्याचा थकवा दोन-तीन दिवस रेंगाळतो.

सॅकच्या वजनावरून एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: पायात घातलेलं एक किलो वजन ऊर्जेच्या खर्चात पाठीवरच्या जवळपास पाच किलोंइतकं महाग पडतं. अनावश्यक जड बूट घेण्याआधी हे आठवावं.

उताराची तयारी वेगळी करावी लागते. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच लांब होत जातो, ब्रेक लावल्यासारखा. यात प्राणवायू कमी लागतो म्हणून दम लागत नाही, पण तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. सुदैवाने स्नायू हे एकदाच शिकवलं तरी बराच काळ लक्षात ठेवतो. एका जोरकस उतरणीनंतर पुढची दुखापत कमी होते, आणि हा परिणाम कित्येक आठवडे टिकतो. म्हणून मोठ्या दिवसाच्या दोन-तीन आठवडे आधी एखादी लांब उतरण उतरून घ्यावी. पाणी ओतून द्यायच्या सत्रांनी हे काम होत नाही.

आठवडा कसा बसवायचा

चार-पाच महिने हाताशी असतील तर क्रम असा बरा: आधी सावकाश दमसास आणि पद्धतशीर हलकी वजनं, मग दमसास वाढवत नेताना आठवड्यातून दोनदा जड वजनं, मग पुलाचं सत्र सुरू झालं की जड वजनं आठवड्यातून एकदा. कमावलेली ताकद टिकवायला एवढं पुरतं.

ताकद आणि कठीण दमसास यांत शक्यतो एक दिवसाचं अंतर ठेवा. एकाच दिवशी दोन्ही करावं लागलं तर किमान सहा तासांचं. तेही नाही जमलं तर आधी वजनं, मग हळू चालणं. ताज्या पायांनी जड वजन उचलावं आणि थकलेल्या पायांनी सावकाश चालावं, उलट करू नये. कठीण दिवसानंतरचा दिवस खरोखर हलका ठेवणं हे रोज थोडं थोडं कठीण करण्यापेक्षा केव्हाही चांगलं. आठवड्याअखेरचं लांब चालणं मात्र कशासाठीही मोडू नका. वेळ कमी पडला तर आधी दुसरं काहीही गाळा.

खाण्याबद्दल एवढंच की दोन्ही व्यायाम एकत्र चालू असताना वजन उतरवायच्या मागे लागू नये. एएमपीकेचं ते पैसे संपल्याचं उदाहरण इथे खरंखुरं लागू होतं. उपाशी शरीर बांधकाम थांबवतं. दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं आणि लांब सत्रांआधी पुरेशी कर्बोदकं मिळाली की बाकी काम झोप करते. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा सांध्याचं दुखणं वाढत चाललं असेल तर मात्र आधी डॉक्टर.

सगळं नीट चाललंय का, हे ओळखायला एकच चढ ठरवून ठेवा आणि दर चार आठवड्यांनी त्याच सॅकसह, बोलता येईल अशाच श्वासाने तो चढा. वेळ लिहून ठेवा. श्वास तोच असताना वेळ कमी होत असेल तर दमसास वाढतोय. माथ्यावर पोचल्यावर मांड्या आधीसारख्या भरत नसतील तर ताकद पोचते आहे. वेळ सलग दोनदा वाढलेला दिसला तर व्यायाम वाढवू नका, एक आठवडा निम्म्यावर आणा. मोठ्या चढाईआधीचे शेवटचे दहा दिवसही असेच हलके ठेवायचे. त्या दिवसांत नवी ताकद येत नाही, फक्त जुना थकवा उतरतो.